मायनस की प्लस? लग्नाच्या सीडीची गोष्ट

“ताई, व्हीसीडी देऊ की डीव्हीडी?” साधारण २००० ते २०१० या काळात ज्यांच्या घरी लग्न, बारसं नाही तर वास्तुपूजन झालं, त्यांना शूटिंगवाल्या भाऊने हा प्रश्न विचारलाच असेल. आपण काय म्हणायचो? “जी चालते ती द्या जी.” आज आपण या “चालते ती”चाच इतिहास सांगणार आहोत. ही चकचकीत चकती घरात आली कुठून, तिच्या इतक्या जाती का झाल्या, त्यांच्यात भांडण कशाचं होतं, आणि या सगळ्यात आपल्या कपाटातल्या लग्नाचं काय झालं, ते बघू या.

सुरुवात चकतीपासून नको, तिच्या आधीच्या फितीपासून करू. १९६३ साली फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट काढली आणि आवाज घरच्या घरी भरून ठेवायची सोय झाली. त्याआधी तबकड्या होत्या, पण त्या फक्त ऐकायच्या. बोलायचं ते बोलणार मुंबईच्या स्टुडिओतले गायक. कॅसेटने पहिल्यांदा लाल बटण आपल्या बोटाखाली दिलं. परगावी नोकरीला गेलेल्या मुलाला आईचा आवाज भरून कॅसेट धाडणारी घरं आपल्यापैकी कित्येकींना आठवत असतील.

मग चित्राची कॅसेट आली. सोनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स काढली, जेव्हीसीने १९७६ मध्ये व्हीएचएस. दोन्ही एकमेकींच्या यंत्रात बसत नव्हत्या. बीटामॅक्सचं चित्र चांगलं असं जाणकार म्हणत, पण तिच्यावर सुरुवातीला तासभरच मावायचं, व्हीएचएसवर दोन तास. शिवाय जेव्हीसीने दुसऱ्या कंपन्यांनाही व्हीएचएसची यंत्रं बनवू दिली. शेवटी व्हीएचएस जिंकली. तासाभरात सिनेमा मावत नाही आणि लग्न तर मुळीच मावत नाही. आपल्याकडे १९८२च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, व्हिडिओ आला, आणि लग्नात कॅमेऱ्याचा भगभगीत लाइट घेऊन फिरणारा माणूस आला.

त्याच १९८२ साली सोनी आणि फिलिप्सने मिळून सीडी बाजारात आणली. पण ती कारखान्यात छापून यायची, घरी भरता येत नव्हती. भरता येणारी सीडी १९८८ मध्ये जपानच्या तायो युडेन कंपनीने तयार केली. तिची रचना समजून घ्या, पुढे कामाला येईल. प्लास्टिकच्या चकतीवर रंगाचा अगदी पातळ थर असतो, त्यावर चांदीसारखा चमकणारा धातूचा थर, आणि सर्वात वर लेबल. भरताना यंत्रातला लेझरचा किरण त्या रंगाला भाजतो. पापड भाजताना जसे डाग पडतात ना, तसे बारीक बारीक डाग पडतात. डाग आणि कोरी जागा, डाग आणि कोरी जागा, याच हिशेबात आवाज नि चित्र लिहिलेलं असतं. भाजलेला पापड जसा परत कच्चा होत नाही, तशी ही सीडी एकदाच भरता येते. म्हणूनच दुकानदार “सीडी बर्न करून देतो” म्हणायचे.

१९९७च्या सुमारास पुसून परत भरता येणारी सीडीही आली. तिच्यात रंग नसतो, धातूचं मिश्रण असतं. ते तापवून थंड केलं की त्याचं रूप बदलतं, परत तापवलं की मूळ रूप येतं. हजारभर वेळा असं करता येतं असं कंपन्या सांगत. त्या चकतीच्या नावात ‘आरडब्ल्यू’ ही अक्षरं असतात. ही अक्षरं लक्षात ठेवा.

आपल्या देशात हे स्वस्त झालं ते मोझर बेअर या कंपनीमुळे. नोएडाला तिचे कारखाने होते. १९९९च्या सुमारास ती कोऱ्या सीडी बनवू लागली आणि काही वर्षांतच जगातल्या मोठ्या कारखानदारांत तिचं नाव आलं. पुढे २००७च्या सुमारास तिने सिनेमाच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या, तेव्हा तर बाजारात धांदल उडाली. भाड्याने आणण्यापेक्षा विकत घेणं परवडू लागलं. आता ती कंपनी राहिली नाही. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली.

आता व्हीसीडी आणि डीव्हीडी यांतला फरक. व्हीसीडी म्हणजे साध्या सीडीवरच दाबून बसवलेलं चित्र. ही पद्धत १९९३ची. एका चकतीवर ७४ ते ८० मिनिटं, चित्र जेमतेम व्हीएचएसच्या दर्जाचं. अमेरिकेत तिला कुणी विचारलं नाही, पण चीन, इंडोनेशिया, भारत इथे ती घराघरांत गेली, कारण प्लेअर स्वस्त आणि चकतीही स्वस्त. डीव्हीडीवर साडेसहा-पावणेसात सीडींइतका मजकूर मावतो आणि चित्रही स्वच्छ.

आपल्या झाडीपट्टीतल्या नाटकाचा हिशेब करून बघा. नाटक रात्री दहाला सुरू झालं आणि पहाटे चारला संपलं, तर सहा तास झाले. व्हीसीडीवर भरायचं तर पाच चकत्या. डीव्हीडीवर चांगल्या चित्रात तीन. पाचातली एक हरवली, तर नायिकेचं लग्न कुणाशी झालं तेच कळायचं नाही!

तरीही लोक व्हीसीडीच मागायचे. डीव्हीडीच्या प्लेअरवर व्हीसीडी लागते, पण व्हीसीडीच्या प्लेअरवर डीव्हीडी लागत नाही. आणि लग्नाची चकती काय आपल्या एकट्याच्या घरी बघायची असते? आमच्या ऊर्जानगरचं तर हे खासच. ही वसाहत वीज केंद्राची. केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसं इथे क्वार्टरमध्ये राहायला आली. कुणाचं माहेर साताऱ्याकडे, कुणाचं जळगावकडे. बदली झाली तर परळी, कोराडी, भुसावळ, नाशिकजवळचं एकलहरे. त्यामुळे इथल्या लग्नाची चकती पोस्टाने, एसटीने, पाहुण्याच्या पिशवीतून राज्यभर फिरायची. चित्र किती सुंदर आहे हा आपला प्रश्न नव्हता. मावशीच्या घरी ती लागेल का, हा प्रश्न होता. आम्हाला विचाराल तर इंजिनिअरांच्या प्रश्नापेक्षा हाच खरा प्रश्न होता.

डीव्हीडी घ्यायची ठरली, तरी पुढे आणखी एक फाटा होता. कोऱ्या डीव्हीडीचं पाकीट बघा. एकावर लिहिलेलं असायचं ‘डीव्हीडी’, मग आडवी रेघ, मग ‘आर’. दुसऱ्यावर ‘डीव्हीडी’, मग अधिकचं चिन्ह, मग ‘आर’. दुकानात म्हणायचे मायनस आणि प्लस. तीच जागा, तोच आकार, तीच किंमत. मग दोन कशाला?

यामागे मोठं भांडण आहे. डीव्हीडीचा जन्मच भांडणातून झाला. सोनी आणि फिलिप्स एका बाजूला, तोशिबा आणि तिचे सोबती दुसऱ्या बाजूला, दोघांच्या दोन वेगळ्या चकत्या. तेव्हा आयबीएमसारख्या संगणक कंपन्यांनी दम दिला की तुमचं दोघांचं एक ठरल्याशिवाय आम्ही कोणतीच घेणार नाही. मग १९९५ मध्ये समेट झाला आणि एकच डीव्हीडी ठरली. पण हा समेट कारखान्यात छापायच्या चकतीपुरता होता. घरी भरायची चकती कशी असावी, यावर दोन वर्षांत परत चूल वेगळी झाली.

डीव्हीडी फोरम या कंपन्यांच्या मंडळाने मायनसवाली मान्य केली. ती पायोनिअर कंपनीची. तिचं भरायचं यंत्र १९९७ मध्ये आलं तेव्हा त्याची किंमत १७,००० डॉलर होती, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे सहा लाख रुपये. घरच्या वापराचं कुणी नावही काढू नये अशी. त्याच मंडळाने ‘डीव्हीडी-रॅम’ नावाची तिसरी जातही मान्य केली. पॅनासोनिक, हिताची, तोशिबा यांचा तिला पाठिंबा होता. सुरुवातीला ती डबीत बंद असायची आणि लाखभर वेळा पुसता येते असं सांगत, पण साध्या प्लेअरवर ती सहसा लागायचीच नाही. आपल्याकडे ती फारशी दिसली नाही.

फिलिप्स, सोनी, ह्यूलेट पॅकार्ड, रिको, यामाहा वगैरेंनी मग वेगळा गट केला आणि प्लसवाली काढली. पुसता येणारी २००१ मध्ये, एकदाच भरायची २००२ मध्ये. गंमत म्हणजे फिलिप्स आणि सोनी जुन्या मंडळातही होत्याच. एका घरात जेवायचं आणि शेजारी दुसरी चूल पेटवायची, असा प्रकार. मंडळाने प्लसला आपलं म्हटलं नाही, म्हणून प्लसच्या पाकिटावर ‘डीव्हीडी’ हे बोधचिन्हसुद्धा लावता येईना. त्यांनी नुसतं ‘आरडब्ल्यू’चं चिन्ह लावलं.

दोघींत खरा फरक किती? कोऱ्या चकतीवर कारखान्यातच एक बारीक सरी पाडलेली असते, मधून निघून गोल गोल बाहेर जाणारी. भरणाऱ्या किरणाला आपण कुठे आहोत हे त्या सरीवरून कळतं. धानाच्या बांदीतून चाललेल्या माणसाचं उदाहरण घ्या. मायनसमध्ये धुऱ्यावर जागोजागी खुणेचे दगड रोवलेले आहेत, ते बघत जायचं. प्लसमध्ये दगड नाहीत, धुराच ठरलेल्या लयीत नागमोडी आहे, त्या वळणावरून ओळखायचं. बस, एवढंच. मध्येच थांबून परत भरायला प्लस थोडी सोपी. जुन्या प्लेअरवर लागायला मायनस थोडी बरी. आणि प्लसची एक लबाडी होती. काही यंत्रांना सांगून तिच्यावर “मी कारखान्यात छापलेली आहे” असं लिहिता येत असे, मग नखरेल प्लेअरही फसून ती लावायचा.

मग भांडण कशासाठी? पैशासाठी. प्रत्येक यंत्रामागे, प्रत्येक चकतीमागे शोधाचे हक्क ज्याचे, त्याला थोडी रक्कम मिळते. कोट्यवधी चकत्यांवर ती केवढी होईल? दोन्ही बाजूंनी आपलीच कशी चांगली याच्या जाहिराती केल्या, आणि गिऱ्हाईक मात्र दुकानात पाकीट हातात घेऊन उभं. २००२ मध्ये सोनीनेच मायनस आणि प्लस दोन्ही भरणारं यंत्र काढलं. बघता बघता सगळीच यंत्रं तशी झाली आणि भांडणातला जीव गेला. कुणी हरलं नाही, कुणी जिंकलं नाही. पाच-सहा वर्षं गोंधळ मात्र घरोघरी झाला.

गोंधळाचं दुसरंही एक कारण होतं, त्याचा मायनस-प्लसशी संबंध नाही. चकती भरून झाल्यावर ती ‘फायनल’ करावी लागते, म्हणजे शेवटची गाठ मारायची. गाठ मारली नाही तर ती भरलेल्या यंत्रावर लागते, दुसऱ्याच्या प्लेअरवर लागत नाही. “आमच्याकडे लागत होती, तुमचाच प्लेअर खराब” अशी जी भांडणं नणंदा-भावजयांत झाली, त्यांतली काही या न मारलेल्या गाठीची असणार! आणि भारनियमन वेगळंच. आमच्या चिमण्यांखाली वीज तयार व्हायची आणि आजूबाजूच्या गावांत तासन् तास लाइट नसायचे. भरता भरता वीज गेली की ती चकती कायमची वाया. मग ती वांग्याच्या वाडीत दोरीला बांधायची, पाखरं हाकायला. नाही तर हळदीकुंकवाला आरसे लावून सजवायची.

आता या साऱ्या निवडीत जो प्रश्न कुणी विचारला नाही, तो बघू. ही चकती किती वर्षं टिकेल?

मघाशी रंगाचा थर सांगितला. तो रंग उन्हाने, उष्णतेने, दमटपणाने हळूहळू विटतो. साडी उन्हात वाळत घालून घालून विटते तसा. सगळे रंग सारखे नसतात. भरायच्या बाजूने चकती धरून बघा. काहींचा रंग गडद निळा, काहींचा निळसर हिरवा, काहींचा फिकट, जवळजवळ सोनेरी. फिकट रंगाच्या सीडी उजेडाला जास्त दाद देत नाहीत. कॅनडातल्या वस्तुजतनाच्या सरकारी संस्थेने असा अंदाज दिला आहे की तो फिकट रंग आणि वर खऱ्या सोन्याचा थर असेल, तर सीडी शंभर वर्षांपुढेही जाईल. पण मायनस जातीच्या पुसता येणाऱ्या डीव्हीडीला त्यांनी पाच ते दहा वर्षंच दिली आहेत. म्हणून ‘आरडब्ल्यू’ लक्षात ठेवा म्हटलं. अमेरिकेच्या मोजमाप संस्थेने २००३ मध्ये सांगितलं की चकत्या ४ ते २० अंश तापमानात ठेवाव्यात. आपल्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या पुढे जातो. टिनाच्या छपराखालच्या पेटीत, टीव्हीच्या मागच्या फळीवर ती चकती काय काय सोसत असेल!

आणखी एक सांगतो, हे फार कमी जणींना माहीत आहे. सीडीची नाजूक बाजू खालची चकचकीत नाही, वरची लेबलाची आहे. धातूचा थर लेबलाच्या अगदी खाली असतो. त्यावर बॉलपेनने दाबून “छकुलीचं बारसं” लिहिलं की बारसं तिथल्या तिथे खरवडलं जातं. डीव्हीडीत हा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये चिकटवलेला असतो, म्हणून ती त्या बाबतीत जरा सुरक्षित. पण चिकटवलेलं आहे, म्हणजे सुटूही शकतं.

आमच्या गटातल्या बायांनी आपापल्या चकत्या बाहेर काढून लावून बघितल्या. काही छान लागल्या. काही मंगलाष्टकापर्यंत आल्या आणि चौकोन चौकोन होऊन थांबल्या. काही नुसत्याच फिरत राहिल्या. ज्यांची लागली नाही त्यांनी शूटिंगवाल्यांना विचारलं, तर मूळ फीत शिल्लक नाही. त्या काळात छोट्या कॅसेटवर शूटिंग व्हायचं, कॅसेट महाग, म्हणून पुढच्या लग्नाला तीच परत वापरायची. म्हणजे आपल्या घरातली चकती ही प्रत नव्हती. तीच एकमेव होती.

आणि ज्या लागल्या, त्या बघताना एक वेगळीच गोष्ट ध्यानात आली. हळद लागते आहे, आजी, आत्या, काकू गोलाने बसल्या आहेत, त्यांचे ओठ हलत आहेत, टाळ्या पडत आहेत. पण ऐकू काय येतं? सिनेमातलं गाणं. मिक्सिंग करताना शूटिंगवाल्याने बायांचा आवाज काढून वर फिल्मी गाणं चढवलं. त्याचा दोष म्हणावा तर तशी रीतच होती, आणि आपणच सांगायचो, “भाऊ, चांगली गाणी टाका.” व्हीसीडी की डीव्हीडी, मायनस की प्लस, यावर घरात चर्चा झाली. बायांची गाणी ठेवायची का, यावर झाली नाही. त्या आज्यांपैकी कित्येक आता नाहीत. त्यांच्या हळदीच्या गाण्यांचे फक्त ओठ उरले.

याच्या उलट एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयतवॅं यांनी आणि त्यांच्या सोबतच्या गावोगावच्या कार्यकर्त्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. थोड्याथोडक्या नाहीत, लाखाच्या वर. त्यांतल्या हजारो ओव्या १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी बायांच्या आवाजात भरून घेतल्या, त्या वेळच्या डिजिटल टेपवर. ती टेपही आज मेली आहे, तिची यंत्रं कुणी बनवत नाही. पण ओव्या मेल्या नाहीत, कारण त्या कागदावरही उतरवल्या होत्या, कुणी गायली, कुठल्या गावाची, हे लिहिलं होतं, आणि टेपवरून वेळेवर पुढच्या यंत्रात नेल्या होत्या. आज त्या ‘परी’ या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात. मोबाईलवर ‘जात्यावरच्या ओव्या’ शोधा, दुपारचं निवडण-टिपण करताना ऐका.

चकत्यांचं पुढे काय झालं ते थोडक्यात. ब्ल्यू-रे आणि एचडी डीव्हीडी असं आणखी एक युद्ध झालं, फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने हार मानली. पण आपल्याकडे त्यातलं काही फारसं पोहोचलंच नाही. आपण डीव्हीडीवरून थेट पेनड्राइव्हवर आणि मोबाईलच्या मेमरी कार्डवर उडी मारली. नव्या लॅपटॉपला चकतीची खाचच नसते. २०२५च्या सुरुवातीला सोनीनेही भरायच्या ब्ल्यू-रे चकत्या बनवणं थांबवलं.

म्हणून हातात जो वेळ आहे, त्यात काय करता येईल? आधी ‘आरडब्ल्यू’ लिहिलेल्या चकत्या काढा, मग सर्वात जुन्या. मऊ सुती कापडाने मधून बाहेरच्या दिशेने पुसा, गोल गोल नको. ज्यांच्याकडे जुना कॉम्प्युटर किंवा चकतीची खाच असलेला लॅपटॉप आहे, त्यांना गाठा. यूएसबीने जोडायचा सुटा ड्राइव्हही मिळतो, गटाने मिळून एक घेतला तर पुरतो. एका यंत्रावर लागली नाही म्हणून फेकू नका, दुसऱ्या यंत्रावर लागू शकते. आतलं सगळं जसंच्या तसं दोन ठिकाणी उतरवा, एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या घरच्या हार्ड डिस्कवर, कारण पेनड्राइव्हही काही अमर नाही. क्वार्टर सोडताना भंगारवाल्याच्या तराजूत जाणाऱ्या पेटीत एकदा हात घालून बघा.

आणि चित्र लागलं की वही घेऊन बसा. हळदीला गोलाने बसलेल्या बायांची नावं, माहेर-सासरची गावं लिहा. एखादी गाणारी अजून आपल्यात असेल, तर तिला ते मुकं चित्र दाखवा आणि विचारा, “आजी, इथे कोणतं गाणं म्हणत होतात वो?” ती म्हणू लागली की मोबाईल सुरू करा.